प्राध्यापकाचे राज्य

गोव्याला जायचे ठरले की आमच्या घरात सरळ दोन पक्ष पडतात. सौ. आणि कन्या यांचा पक्ष समुद्राचा. माझा पक्ष तुरुंगाचा. तो एकसदस्यीय असला तरी जुना आहे. "अहो, माणसं गोव्याला जाऊन शिंपले आणतात, तुम्ही कैद्यांची नावं आणता," असे सौ. दर खेपेला म्हणते, आणि त्यात खोटे काही नाही. या दिवाळीच्या सुट्टीत मात्र तह झाला. सकाळ माझी, संध्याकाळ त्यांची.

गोव्याचा रस्ता पुण्याच्या पेठांतून जातो, असे माझे फार दिवसांचे मत आहे. आता ज्या पुणेकराला गोवा म्हटले की फक्त हॉटेलचे आरक्षण आठवते, त्याला हे विधान पुणेरी वाटेल. पण १९५५ सालचे पुणे डोळ्यांपुढे आणा. गोवा विमोचन सहाय्यक समिती पुण्यातच उभी राहिली. केशवराव जेधे आणि जयंतराव टिळक ही तिची पुढारी माणसे. समाजवादी, साम्यवादी, जनसंघ, शेतकरी कामकरी पक्ष, एरवी एका पंक्तीला न बसणारी ही सारी मंडळी तेवढ्यापुरती एका पाटावर आली. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांची पहिली तुकडी सरहद्द ओलांडून आत गेली. सेनापतींचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. गोऱ्यांना दहा वर्षांची सजा झाली. मागोमाग गेलेल्या मधू लिमयांना बारा वर्षांची. फेब्रुवारी १९५७ मध्ये गोरे सुटून आले आणि लगेच पुण्याने त्यांना लोकसभेवर निवडून दिले. काकासाहेब गाडगिळांसारखा मोहरा त्या निवडणुकीत पडला.

आणखी एक घर माझ्या विशेष जिव्हाळ्याचे. भारतीय संस्कृतिकोशाचे महादेवशास्त्री जोशी मूळचे गोव्याच्या सत्तरीतले, पण नांदले पुण्यात. त्यांच्या पत्नी सुधाताई एप्रिल १९५५ मध्ये म्हापशाला गेल्या, नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या, आणि पकडल्या गेल्या. पुढे काही वर्षे त्या पोर्तुगिजांच्या तुरुंगात होत्या आणि शास्त्रीबुवा पुण्यात संसार आणि लेखन चालवीत होते. कोशाचे खंड विद्यार्थ्यांना दाखवताना मी ही गोष्ट न चुकता सांगतो. मुले खंडांपेक्षा गोष्टच लक्षात ठेवतात. ठेवोत बापडी.

तर आम्ही रात्रीच्या गाडीने निघालो. मिरजेला चहा झाला, बेळगाव झोपेत गेले, आणि कॅसलरॉकला मी जागा झालो. घाट उतरण्यासाठी तिथे गाडीला जादा इंजिने लागतात, त्यामुळे मुक्काम लांबतो. फलाटावर दोन दिवे आणि बाकी ओला काळोख. १९६१ पर्यंत हे हिंदुस्थानचे शेवटचे स्टेशन होते. बोगद्यांच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी कुळे, तिथे पोर्तुगिजांचे कस्टम. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच रुळांवरून, बोगद्यांतून, सत्याग्रही चालत गेले होते आणि समोरून गोळ्या आल्या होत्या. त्या एका दिवशी निरनिराळ्या वाटांनी तीन हजारांहून अधिक निःशस्त्र माणसे आत शिरली आणि वीसहून अधिक मेली.

त्या गोळ्यांचा हुकूम ज्या राजवटीचा, तिचा धनी कोण होता? सेनापती नव्हता, राजा नव्हता. प्राध्यापक होता. होय वाचकहो, आमच्याच पेशातला माणूस!

आंतोनियु द ऑलिव्हैरा सालाझार, जन्म १८८९, गरीब खेड्यातला. आधी पाद्री होण्याच्या शाळेत घातलेला, मग कुइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा अध्यापक. २८ मे १९२६ रोजी पोर्तुगालात लष्कराने लोकशाही मोडली. तिच्यातही मोडण्यासारखे पुष्कळ होते. सोळा वर्षांत चाळीसांहून अधिक मंत्रिमंडळे झाली होती. पण सेनापतींना राज्य घेता आले, हिशेब करता येईना. तेव्हा त्यांनी या प्राध्यापकाला बोलावले. पहिल्यांदा तो थोडेच दिवस राहिला आणि हवे ते अधिकार मिळत नाहीत म्हणून गाडी धरून आपल्या वर्गावर परत गेला. एप्रिल १९२८ मध्ये पुन्हा बोलावणे आले. या वेळी त्याने अट घातली की कोणत्याही खात्याने माझ्या संमतीशिवाय एक पै खर्च करता कामा नये. सेनापतींनी मान डोलावली. राज्य हातचे गेले ते त्याच क्षणी.

घरात पगार कोण आणतो यापेक्षा खर्चाची वही कोणाकडे आहे यावर सत्ता ठरते, हे गृहस्थ वाचकांना मी सांगायला नको. तलवारीने तिजोरी घेणारे इतिहासात पुष्कळ आहेत. या गृहस्थाने तिजोरीच्या किल्लीने तलवार घेतली. कर वाढवले, खर्च कापले, आणि वर्षभरात अंदाजपत्रकात शिल्लक दाखवली. लोकांना तो चमत्कार वाटला. पुढचे सारे त्या एका शिल्लकेवर चालले.

पुढचे भराभर सांगतो. १९३० मध्ये 'राष्ट्रीय संघ' नावाचा एकच अधिकृत पक्ष. १९३२ मध्ये पंतप्रधानपद. १९३३ मध्ये नवी घटना, आणि तिच्यावर लोकमत. या लोकमतात जे मतदानालाच गेले नाहीत त्यांची मते अनुकूल धरण्यात आली! गैरहजर विद्यार्थ्याला हजर लावणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत, पण लाखो माणसे एकदम हजर लावणारा हा एकच. त्याच वर्षी गुप्त पोलीस, त्याच वर्षी प्रचारखाते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर तर आधीपासूनच होता. १९३६ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या केप व्हर्द बेटांत ताराफालची छावणी निघाली. जीवघेण्या हवेपायी तिला 'सावकाश मरणाची छावणी' म्हणत. त्याच साली सरकारी नोकरांना, म्हणजे शिक्षकांनाही, राजनिष्ठेची प्रतिज्ञा लिहून द्यावी लागली. संशयित अध्यापक काढून टाकले गेले. हे वाचताना मी आमच्या स्टाफरूममधले चेहरे मनात आणून पाहिले. कोण सही करील, कोण करणार नाही? हा खेळ कोणी खेळू नये. फार त्रास होतो.

सालाझारला फॅसिस्ट म्हणावे की नाही यावर पंडितांत वाद आहे. मुसोलिनीसारखा तो सज्जात उभा राहून गर्जत नसे. आवाज बारीक, गणवेश नाही, लग्न नाही, दौरे नाहीत. सरकारी निवासस्थानाच्या बागेत त्याची घरकामवाली कोंबड्या पाळी. पण इटलीकडून त्याने पुष्कळ उसने घेतले. गव्हाची मोहीम तिकडची, मुलांना गणवेश घालून कवायत करायला लावणारी संघटना तिकडच्यासारखी, आणि १९३३ चा कामगार कायदा तर मुसोलिनीच्या १९२७ च्या सनदेवरून बेतलेला. त्या काळी मुसोलिनीचे कौतुक आपल्याकडेही कमी नव्हते. पुण्यामुंबईच्या मराठी पत्रांत त्याच्या शिस्तीवर लेख येत. इंग्रजांना दम देणारा कोणीही तेव्हा आपल्याला बरा वाटे. पारतंत्र्यात अशी भूक लागते. सालाझारचे मात्र कोणी कौतुक केले नाही, कारण त्याचे राज्य पत्रादेवीच्या नाक्यापलीकडेच होते आणि तिथून आपले भाऊबंद येऊन सांगत.

या कामगार कायद्याने काय झाले? स्वतंत्र कामगार संघ मोडले. सरकारमान्य संघ तेवढे राहिले, तेही एका धंद्याचा, एका जिल्ह्याचा. मालकांचे वेगळे संघ, त्यांना 'ग्रेमियु' म्हणत. संप हा गुन्हा. मालक आणि मजूर यांच्यात भांडण नाही, दोघे राष्ट्राचे अवयव आहेत, असे तत्त्वज्ञान. कागदावर फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात मजुराचे तोंड बांधले आणि मालकाचे हात मोकळे राहिले. त्याच्या आधीच, १९३१ मध्ये, नवा कारखाना काढायचा किंवा जुना वाढवायचा तर सरकारची परवानगी लागेल असा नियम झाला होता. ज्यांचे कारखाने आधीपासून होते त्यांना हा नियम म्हणजे देवाने बांधून दिलेले कुंपण. सिमेंट, रसायने, तंबाखू असल्या धंद्यांत ठरावीक घराणी गब्बर झाली. गव्हाच्या मोहिमेत मोठ्या जमीनदारांना भाव मिळाला, नापीक माळ नांगरले गेले आणि काही वर्षांत जमीन थकली. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहून दोन्ही बाजूंना टंगस्टन विकले, तिजोरीत सोने साठले. आणि त्या सोन्याच्या देशातली माणसे अनवाणी! पुढे साठीच्या दशकात लाखो पोर्तुगीज मजूर फ्रान्सची वाट धरून पळाले. घरात शिल्लक पुष्कळ आणि पोरे उपाशी, असा हा संसार.

मडगावला उतरलो तेव्हा उजाडत होते. लोहिया मैदान बाजाराच्या तोंडाशीच आहे. १८ जून १९४६ रोजी भर पावसात राममनोहर लोहिया इथे बोलायला उभे राहिले. पोर्तुगीज प्रशासकाने पिस्तूल काढले, लोहियांनी त्याचा हात धरून बाजूला केला. आता तिथे सकाळचे फिरणारे आणि पेपर वाचणारे असतात.

एका बाकावर ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ होते. मी पुण्याचा म्हटल्यावर त्यांनी मला बसवून घेतले.

"तुम्हांला पुस्तकातले ठाऊक," ते म्हणाले. "मी पाहिलेले सांगतो. त्या काळी आम्ही दाराला कडी घालत नव्हतो. चोरी नाही, मारामारी नाही. बाजारात परदेशचा माल. मी शाळेत जायचो तेव्हा हॉलंडचे बटाटे खाल्ले आहेत!"

मी म्हटले, "आणि बोलायला?"

ते जरा थांबले. "बोलायला काय? कोणी बोलतच नव्हते." मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "माझ्या आत्याची लग्नपत्रिका सेन्सॉरकडे गेली होती. सगळ्यांच्याच जायच्या. आजोबा त्या कचेरीत टोपी हातात घेऊन उभे होते, ते मला आठवते. घरी ते कोणापुढे टोपी काढत नसत."

दाराला कडी नाही आणि लग्नपत्रिकेला शिक्का, ही दोन्ही सत्ये त्यांनी एकाच श्वासात सांगितली. त्यांच्याशी वाद घालावा असे मला वाटले नाही. त्यांचे बटाटे खरे होते.

या बटाट्यांचे अर्थशास्त्र मात्र सांगितले पाहिजे. सालाझारचा 'वसाहत कायदा' १९३० चा. १९१० साली पोर्तुगालात लोकसत्ता आली तेव्हा गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले होते. हेगडे देसाई यांचे 'भारत'सारखे मराठी पत्र निर्भीडपणे चालले होते. या कायद्याने गोवेकराला पुन्हा वसाहतीतला माणूस केले. लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच जुलैत गोव्याच्या विधिमंडळात उभे राहून स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. सालाझारच्या गोव्यात असे उघड बोलणे त्यानंतर दुर्मीळच झाले. गोव्यात कारखाने निघाले नाहीत. तरुणांनी मुंबईला जावे, बोटीवर जावे, आफ्रिकेत जावे आणि घरी पैसे पाठवावेत, यावर गोव्याची चूल पेटे. १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, मनिऑर्डरी थांबल्या. गोवा कोलमडेल असा दिल्लीचा अंदाज. कोलमडला नाही, कारण तोवर डोंगर खणायला सुरुवात झाली होती. लोखंडाची माती बोटींत भरून जपानला जाऊ लागली. खाणीच्या सनदा ज्यांच्या हाती, ते पाच-सात वर्षांत कोट्यधीश झाले. त्या पैशावर परदेशी माल आला, त्यातलाच तो बटाटा. स्वातंत्र्यानंतरचे गोव्याचे पहिले लोकनियुक्त मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हेही खाणमालकच होते. माणूस मोठ्या मनाचा, शाळा काढणारा, त्याबद्दल वाद नाही. पण राज्य बदलले तरी खाणी त्याच हातांत राहिल्या, हेही नोंदवून ठेवतो.

पणजीला संध्याकाळ समुद्रपक्षाची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीकाठी उभे राहून मी कन्येला डॉक्टर गायतोंड्यांची गोष्ट सांगितली. डॉ. पुंडलिक गायतोंडे हे नामांकित शल्यविशारद, पत्नी पोर्तुगीज. फेब्रुवारी १९५४ मध्ये एका खाजगी मेजवानीत कोणी तरी म्हणाले की गोवा म्हणजे पोर्तुगालच. डॉक्टर एवढेच म्हणाले, "माझा निषेध आहे." त्यावर त्यांना अटक झाली आणि लिस्बनला हद्दपार करण्यात आले.

"जेवताना बोलले म्हणून?" कन्येने विचारले.

"जेवताना बोलले म्हणून."

"मग आपल्या घरातले सगळेच आत गेले असते," असे म्हणून ती लाटा पाहायला लागली.

फेरीने बेतीला उतरलो. अग्वादच्या वाटेवरचे हे छोटेसे गाव, मासळीचा वास आणि होड्यांची गर्दी. इथल्या पोलीस ठाण्यावर ऑक्टोबर १९५५ मध्ये आझाद गोमंतक दलाने हल्ला केला. त्यात गोळी लागून मोहन रानडे पकडले गेले. मूळ नाव मनोहर आपटे, सांगलीचे. गोव्यात सावईवेरे येथे ते मराठी शिकवायला आले होते. म्हणजे तेही आमच्याच पेशातले. मी बेतीच्या धक्क्यावर उभा राहून हिशेब करीत होतो. लिस्बनमध्ये अर्थशास्त्राचा मास्तर, सावईवेऱ्यात मराठीचा मास्तर, आणि मधे एवढा समुद्र. सालाझारने गोव्यात कधी पाऊल टाकले नाही. आपल्या कोणत्याच वसाहतीत टाकले नाही. रानड्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली.

अग्वादचा तुरुंग किल्ल्याच्या खालच्या अंगाला, पाण्याला लागून आहे. २०१५ पर्यंत तो तुरुंगच होता. आता संग्रहालय झाले आहे, डिसेंबर २०२१ पासून. भिंती घासूनपुसून स्वच्छ, प्रकाशयोजना नीटस. नको तितकी नीटस, असे माझे मत. कोठडीत शिरून मी दार ओढून घेतले तर समुद्र दिसेना, नुसता ऐकू येऊ लागला. आमचे गोरे, लिमये आणि आणखी कितीजण इथे हा आवाज ऐकत पडले असतील! बाहेरून सौ.ने हाक मारली. तिच्या आवाजात काळजी होती असे म्हणायला हरकत नाही.

त्या काळच्या पोलिसांत कासिमिरु मोंतेरु नावाचा एक अधिकारी होता. त्याच्या मारहाणीच्या कथा जुनी माणसे अजून आवाज खाली करून सांगतात. या माणसाचे पुढे काय झाले ते फार थोड्यांना ठाऊक असते. १९५८ मध्ये जनरल उंबर्तु देलगादु यांनी सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. लोक इतके लोटले की सालाझारने पुढच्या वर्षी जनतेने अध्यक्ष निवडण्याची पद्धतच रद्द केली. १९६५ मध्ये स्पेनच्या सरहद्दीत देलगादुंचा खून झाला. मारणाऱ्या गुप्त पोलिसांच्या टोळीत हाच मोंतेरु होता. गोव्यात सत्याग्रह्यांवर हात बसलेला माणूस तिथे खुद्द पोर्तुगीज जनरलवर वापरला गेला.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना सरहद्दीवर जमली तेव्हा सालाझारने गव्हर्नर वासालु इ सिल्व्हा यांना तार पाठवली, तिचा मतलब असा की शरणागती नाही. आमचे सैनिक एक तर जिंकतील, नाही तर मरतील. हिशेबी माणसाने माणसांचाही हिशेब केला होता. गोव्यात तीन-साडेतीन हजार पोर्तुगीज सैनिक होते. गव्हर्नरने ती आज्ञा मोडली आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. मला हा माणूस आवडतो. पुढे त्याला सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. सन्मान परत मिळाला तो १९७४ ची क्रांती झाल्यावर.

गोवा सुटला, पण रानडे सुटले नाहीत. त्यांना लिस्बनजवळच्या कशियाशच्या किल्ल्यात ठेवले होते. ज्या भूमीसाठी शिक्षा झाली ती स्वतंत्र होऊन वर्षांमागून वर्षे गेली आणि हा मराठीचा मास्तर परदेशी कोठडीत एकटा. इकडे सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती करून आकाशपाताळ एक केले. फडके १९५४ च्या दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात स्वतः होते. गाणे म्हणणारा माणूस एवढा चिवट असतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. अखेर जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले, तेरा वर्षांहून अधिक काळ काढून.

त्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट १९६८ मध्ये, सालाझार खुर्चीवरून पडला. अक्षरशः खुर्चीवरून. कॅनव्हासची आरामखुर्ची होती. डोक्याला मार बसला, पुढे मेंदूत रक्तस्राव झाला, सप्टेंबरात त्याच्या जागी दुसरा पंतप्रधान नेमला गेला. पण म्हातारा शुद्धीवर आला तेव्हा हे त्याला सांगण्याची कोणाची छाती होईना. मंत्री भेटीला येत, त्याच्यापुढे बसत, तो अजून पंतप्रधान असल्यासारखे बोलत आणि निघून जात. जुलै १९७० मध्ये तो वारला तोवर हे असेच चालले होते.

रानडे त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे जगले. २०१९ च्या जूनमध्ये, नव्वदीच्या घरात, ते पुण्यात वारले.